दुसऱ्या अल्बमची पस्तीस मिनिटं

२००८च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे एक प्रश्नपत्रिका आली. सर वॉल्टर रॅली हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातला कवी, दर्यावर्दी आणि उचापतखोर, शेवटी मुंडकं गमावून बसलेला माणूस. त्याच्या एका कवितेची तुलना काही गाण्यांच्या शब्दांशी करा, असं त्यात विचारलं होतं. गाण्यांमध्ये एक बिली हॉलिडेचं होतं, एक बॉब डिलनचं. तिसरं होतं ॲमी वाइनहाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीचं. ही मुलगी त्या दिवसांत लंडनच्या पेपरांत रोज झळकत होती, पण भलत्याच कारणांसाठी. विस्कटलेले केस, ओघळलेलं काजळ, दारात फोटोग्राफरांचा गराडा. तिचं गाणं परीक्षेला लावलं म्हणून इंग्रज पेपरवाल्यांनी थोडी थट्टाही करून घेतली.

गाणं होतं 'लव्ह इज अ लूझिंग गेम'. जेमतेम अडीच मिनिटांचं. त्याला वेगळं धृपदसुद्धा नाही. प्रेम म्हणजे जुगार ही कल्पना जगातल्या प्रत्येक भाषेत झिजून गुळगुळीत झालेली, आणि ही बाई तीच घेऊन बसते. पत्ते, डाव, हार, बस्स. एकही ओळ उगाच लांबत नाही, गळा कुठेही 'बघा हं' म्हणत नाही. हेच गाणं २००६च्या 'बॅक टू ब्लॅक' या तिच्या दुसऱ्या अल्बममध्ये आहे आणि त्या अल्बमबद्दल मला जे म्हणायचंय ते याच गाण्यात जवळपास सगळं सापडतं. आधीच्या तीन वर्षांत ही मुलगी वाढली, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण वाढली म्हणजे काय झालं? तिच्या गाण्यात नवीन काय आलं, हे मी बरीच वर्षं शोधत होतो. सरतेशेवटी माझ्या ध्यानात आलं ते हे, की जे गेलं तेच मोजायला हवं होतं.

आधी पहिला अल्बम. 'फ्रँक' २० ऑक्टोबर २००३ रोजी आला तेव्हा ॲमीला वीस वर्षं पूर्ण होऊन महिना झाला होता. उत्तर लंडनच्या साउथगेट भागातलं ज्यू घर. वडील टॅक्सी चालवायचे आणि घरभर सिनात्रा गात हिंडायचे. आईचे भाऊ व्यावसायिक जाझ वादक. वडिलांची आई सिंथिया तरुणपणी गायची, आणि रॉनी स्कॉट या लंडनच्या जाझ क्लबवाल्याशी तिचं एकेकाळी प्रेमप्रकरण होतं, ही घरातली आवडती गोष्ट. त्यामुळे या मुलीच्या कानावर तिच्या वयाच्या पोरींपेक्षा तीस-चाळीस वर्षं जुनं गाणं पडलं. सारा व्हॉन, डायना वॉशिंग्टन, थेलोनियस मंक. पुढे नॅशनल यूथ जाझ ऑर्केस्ट्राबरोबर ती गायली. पहिल्या अल्बमचं नावच मुळी सिनात्रावरून घेतलेलं, आणि 'फ्रँक'चा दुसरा अर्थ, तोंडावर बोलणारा, तोही तिला फिट्ट बसणारा.

हा अल्बम जवळपास तासाभराचा आहे. ऐकताना वाटतं, एखाद्या हुशार शिष्यानं गुरूकडे शिकलेलं सगळं पहिल्याच मैफलीत ओतून टाकावं तसं झालंय. अवघड स्वरावली, जाझमधले लांबलचक नावांचे कॉर्ड, एकेका शब्दावर चार-चार हरकती. आणि शब्द तर विचारू नका. 'स्ट्राँगर दॅन मी'मध्ये ती वयानं मोठ्या, पण रडूबाई मित्राला झोडपते. 'टेक द बॉक्स'मध्ये प्रियकरानं दिलेल्या वस्तू खोक्यात भरून परत करते आणि त्या वस्तूंची यादी देते, ब्रँडच्या नावासकट. मेलेल्या कॅनरी पक्ष्यासाठीही एक गाणं आहे. पक्ष्याचं नाव होतं अ‍ॅव्हा. एका गाण्यात तर बापाच्या बाहेरख्यालीपणाचा हिशेब मांडून आपल्यात तो किती उतरलाय याची चौकशी आहे. वीस वर्षांच्या मुलीनं हे लिहावं याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. 'स्ट्राँगर दॅन मी'ला २००४ साली आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला, जो इंग्लंडात गीतकार-संगीतकारांच्या बिरादरीत मोठा मानतात. मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीतही नाव लागलं.

आणि बाईसाहेब स्वतः मुलाखतींत सांगत सुटल्या, की या अल्बमच्या मागे मी ऐंशी टक्केच उभी आहे. कंपनीनं काही गाणी, काही मिश्रणं तिच्या मनाविरुद्ध घातली होती. आपल्या घरात त्याची प्रतसुद्धा नाही, असंही ती म्हणाली. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या लोकांनी कपाळाला हात लावला असणार. मला मात्र तिच्या या कुरकुरीत पुढच्या अल्बमची बी दिसते. आपल्या कामातले कोणते वीस टक्के फालतू आहेत हे ज्याला विशीत कळतं, त्याच्याकडून अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

माझे एक मामा मिरजेत राहतात. वय ब्याऐंशी. ठुमरी थोडी शिकले, पेटी बरी वाजवतात, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर त्यांची अढळ श्रद्धा. त्या तबकड्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्या तेवढ्या जागेत बसलेली आहे, आणि मामांचं म्हणणं असं, की ज्याला तीन मिनिटांत राग उभा करता येत नाही त्याला तीन तासांतही येत नाही. हे मत मला मान्य नाही, पण ते असो. मागच्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवरून ॲमी ऐकवली. इंग्रजी त्यांना कळत नाही, हे माझ्या पथ्यावरच होतं. आधी 'स्ट्राँगर दॅन मी' लावलं.

"गळा आहे," मामा म्हणाले. "पण फार दाखवतेय."

मग 'लव्ह इज अ लूझिंग गेम'. संपल्यावर त्यांनी बोटानं परत लाव अशी खूण केली. दुसऱ्यांदा झाल्यावर पुन्हा तीच खूण. तिसऱ्या खेपेला अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "कुठं गायचं नाही, ते कळलं हिला. मध्ये किती वर्षं गेली म्हणालास?"

तीन, मी म्हटलं.

"लवकर कळलं."

त्या तीन वर्षांत काय झालं ते आता पुष्कळांना ठाऊक आहे, कारण त्यावर पुस्तकं आली, सिनेमे आले. थोडक्यात सांगतो. पहिला अल्बम आल्यावर दीड-दोन वर्षं ती जवळजवळ काही लिहू शकली नाही. गाण्याच्या धंद्यात एक म्हण आहे, की पहिल्या अल्बमसाठी माणसाला अख्खं आयुष्य मिळतं आणि दुसऱ्यासाठी एक वर्ष. (आपल्याकडे एका कादंबरीचे लेखक आणि एका नाटकाचे नाटककार इतके का, याचंही उत्तर बहुधा यातच आहे.) ती कॅम्डेनला राहायला गेली. कॅम्डेन म्हणजे उत्तर लंडनमधला बार, कपड्यांची दुकानं आणि गिटारवाल्या पोरांचा मोहल्ला. तिथल्या एका बारमध्ये ज्यूकबॉक्स होता आणि त्यात साठच्या दशकातली गाणी होती. शांग्री-लाज, रॉनेट्स, मोटाउनच्या गायिका. तिथंच २००५ साली ब्लेक फील्डर-सिव्हिल नावाच्या तरुणाशी जमलं. तो काही महिन्यांनी आपल्या आधीच्या मैत्रिणीकडे परत गेला. ही कोसळली. दारू वाढली. २००६च्या मे महिन्यात आजी सिंथिया गेली.

अल्बम बाहेर आला की प्रेमभंगाला श्रेय देण्याची आपल्याला खोड आहे. प्रेमभंग लंडनमध्ये रोज हजारोंनी होत असतील. ज्यूकबॉक्सला जास्त श्रेय द्यायला हवं असं माझं मत. शांग्री-लाज या न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मुली. १९६४-६५ साली त्यांची जी गाणी गाजली ती पोरवयातल्या शोकांतिका होत्या. मोटरसायकलवरून जाणारा प्रियकर मरतो, घर सोडून गेलेल्या मुलीची आई झुरून मरते. सगळं तीन मिनिटांत, टाळ्यांच्या आणि खंजिरीच्या ठेक्यावर, अतिशय साध्या शब्दांत. त्यात बुद्धीची चमक दाखवायला जागाच नाही. 'फ्रँक'मधली चतुर मुलगी ब्लेक गेल्यावर हीच गाणी लावून रडत बसायची, असं तिनं स्वतः सांगितलंय. आपल्या दुःखाला आपले स्वतःचे शब्द पुरत नाहीत आणि हे बाळबोध शब्द पुरतात, हा अनुभव कुठल्याही लिहिणाऱ्याला नम्र करणारा आहे.

२००६च्या मार्चमध्ये ती न्यूयॉर्कला गेली. मार्क रॉन्सन नावाच्या माणसाला भेटायचं होतं. जन्म लंडनचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये, क्लबांमध्ये रेकॉर्डी वाजवून नाव कमावलेलं. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम २००३ साली पडला होता आणि कंपनीनं त्याला नारळ दिला होता. म्हणजे दोघांचाही दुसरा डाव. तिची कल्पना अशी, की हा कोणी दाढीवाला म्हातारा ज्यू असेल. समोर तिशीतला देखणा पोरगा. तुला कसं गाणं करायचंय, त्यानं विचारलं. तिनं शांग्री-लाजची रेकॉर्ड लावली. आत्ता माझ्याकडे असं काही नाही, उद्या ये, तो म्हणाला.

त्या रात्री त्यानं पियानोवर चार-चार ठोके देत एक चाल बसवली. खाली ड्रमचा जड पाय, वर खंजिरी, आणि त्या खंजिरीवर एवढा घुमारा चढवला की ती रिकाम्या देवळात वाजतेय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी तिनं ऐकलं आणि ठरलं, अख्खा अल्बम असाच वाजला पाहिजे. ती सीडी प्लेयर आणि कागद-पेन घेऊन मागच्या खोलीत गेली आणि तासाभरानं 'बॅक टू ब्लॅक' हे गाणं लिहून बाहेर आली.

यातला पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. धृपदातल्या दोन ओळींचं यमक जुळत नव्हतं. रॉन्सन धंद्यातला माणूस. धृपदात यमक हवं, त्याशिवाय गाणं लोकांच्या तोंडी बसत नाही, एवढं त्याला माहीत. तो म्हणाला, ही ओळ जरा बदलशील? तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की याला काय म्हणायचंय तेच तिला कळेना. ते तसंच आलं होतं, मग बदलायचं काय? ओळ राहिली. 'फ्रँक'मधल्या मुलीनं हे यमक जुळवलं असतं, आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन जुळवली असती. आणि त्या गाण्याच्या मध्यावर तर सगळा वाद्यवृंद थांबतो, लांबून घंटेचा टोल पडतो, आणि ती एकच शब्द म्हणत राहते. एकच, पुन्हा पुन्हा, काहीही न सजवता. इतका गळा असलेल्या बाईनं तिथं तान घेतली नाही. मी हे गाणं किती वेळा ऐकलंय याचा हिशेब नाही, तरी ती जागा आली की हातातलं काम थांबतं.

'रिहॅब'ची कथा याहून प्रसिद्ध, आणि जरा अंगावर येणारी. दोघं सोहो भागात पायी चालले होते. व्यसनमुक्ती केंद्रात जा म्हणून माणसं आपल्या मागे कशी लागली होती आणि आपण काय उत्तर दिलं, ते ती सांगत होती. रॉन्सननं ते उत्तर ऐकलं आणि म्हणाला, हे तर गाणंच आहे, चल स्टुडिओत. त्या दिवशी आपण मित्रासारखं 'तुला तेव्हा कसं वाटलं?' असं विचारायला हवं होतं, आपण धृपद विचारलं, अशा अर्थाचं तो पुढे स्वतःच बोललाय. गाणं विनोदी आहे, नाचरं आहे, आणि तेच तिला जगभर घेऊन गेलं. पुढे प्रत्येक मंचावर तिला ते म्हणावं लागलं, आणि दर वर्षी त्यातला विनोद थोडा थोडा आटत गेला.

आता या आवाजामागच्या माणसांकडे जरा वळून पाहू, कारण दिवाळी अंकात नाही तर कुठे. रॉन्सननं तात्पुरती केलेली गाणी प्रत्यक्ष वाजवली ती ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडनं. बुशविक भागात एका जुन्या घरात डॅपटोन कंपनीचा स्टुडिओ होता, वादकांनी स्वतःच्या हातांनी उभा केलेला. गाब्रिएल रॉथ हा बँडचा म्होरक्या जुन्या पद्धतीचा कट्टर भक्त. २००६ साली जग संगणकावर एकेक वाद्य सुटं सुटं ध्वनिमुद्रित करत होतं. इथे ड्रम, बेस, पियानो, गिटार एकाच खोलीत, मोजके माइक, चुंबकी टेप. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडतो. सांडू द्यायचा. आपल्याकडे जुन्या एचएमव्हीच्या मुद्रणांत तबल्यामागे पेटीचा सुस्कारा ऐकू येतो तसं. त्या सांडण्यामुळेच कानाला वाटतं, की माणसं एकमेकांसमोर बसून वाजवताहेत. व्हायोलिनं वगैरे पुढे लंडनमध्ये चढली, आणि टॉम एल्महर्स्टनं तिथंच सगळं मिसळून एकजीव केलं.

डॅप-किंग्ज हा मुळात शेरॉन जोन्स या गायिकेचा बँड. जन्म १९५६, जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टाचा. काळी, ठेंगणी, अंगानं भरलेली. तुझं वय, तुझा रंग, तुझी उंची, तुझं वजन, काहीच चालणार नाही, असं तिला तरुणपणी एका कंपनीवाल्यानं सांगितलं होतं. ही गोष्ट ती स्वतःच हसत हसत सांगायची. तिनं रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरीण म्हणून नोकरी केली, पैसे वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर काम केलं. पहिला अल्बम आला २००२ साली, वयाच्या पंचेचाळिशीनंतर. म्हणजे ज्या आवाजाला जगानं २००७ साली डोक्यावर घेतलं तो आवाज ब्रुकलिनमध्ये आधीपासून तयार होता, आणि तो मुळातला आफ्रिकी अमेरिकी लोकांचा. मग एका गोऱ्या इंग्रज मुलीबरोबर डॅप-किंग्ज अमेरिका दौऱ्यावर गेले. ॲमीनं या वादकांचं आणि आपल्या काळ्या गुरूंचं ऋण कधी लपवलं नाही. 'रिहॅब'मध्येच ती रे चार्ल्स आणि डॉनी हॅथवे यांना आपले मास्तर करून टाकते. तरीही कंपन्यांच्या हिशेबात कोण 'चालतं' आणि कोण चालत नाही हा प्रश्न उरतोच, आणि तो या अल्बमच्या कौतुकात दडपून टाकण्यात अर्थ नाही. शेरॉन जोन्सला पुढे स्वतःचं असं नाव मिळालं. २०१६ साली कॅन्सरनं गेली. तिचं गाणं ऐकलं नसेल तर जरूर ऐका, हा लेख अर्धा टाकून ऐकलंत तरी चालेल.

'बॅक टू ब्लॅक'च्या अकरा गाण्यांपैकी सहा रॉन्सनची. उरलेली पाच सलाम रेमी या तिच्या जुन्या, पहिल्या अल्बमपासूनच्या सोबत्याबरोबर मायामीत झाली. रॉन्सनचं नाव एवढं झालं की रेमी मागे पडतो, म्हणून एक उदाहरण देतो. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन' हे गाणं तिनं आधी संथ केलं होतं. तशी एक प्रत ती गेल्यावर, २०११च्या डिसेंबरात निघालेल्या 'लायनेस' या संग्रहात आहे. संथ, भिजलेलं, सुंदर. रेमीनं त्याचा वेग वाढवला आणि खाली मार्विन गे-टॅमी टेरेलच्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' या मोटाउनच्या गाण्यातली कॉर्डांची माळ सरकवली. ते मूळ गाणं आयुष्यभर साथ देण्याच्या शपथेचं, आणि त्यावर ही सोडून गेलेल्याबद्दल गातेय. आता गाण्यात रडायला वेळच नाही. ठेका पुढे ढकलतो, ओळी एकमेकींच्या टाचेवर पाय देत येतात, आणि श्वास पुरेल न पुरेल अशा बेतानं ती त्या पार करते. आपल्याकडे विरहाची लावणी ढोलकीच्या कडकडाटात म्हणतात, तिथे डोळ्यांत पाणी आणि पायांत चाळ हे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. संथ प्रत ऐकून मला तिची दया आली होती. जलद प्रत ऐकताना तिची दया करायला ती सवडच देत नाही.

'वेक अप अलोन'कडेही असंच जवळून पाहायला हवं. सोडून गेलेल्या माणसाची आठवण येऊ नये म्हणून बाई दिवसभर स्वतःला कामाला जुंपते. घर आवरते, म्हणजे निदान पीत तरी नाही. दिवस निभतो. रात्रीचं काय, एवढाच प्रश्न. घरकामात दुःख बुडवणारी बाई ही जात्यावरच्या ओवीपासून आपल्या ओळखीची आहे. इंग्रजी पॉपमध्ये ती मला एवढ्या साधेपणानं दुसरीकडे भेटली नाही. 'यू नो आय ॲम नो गुड'मध्ये तर स्वतःचीच उलटतपासणी आहे. ती फसवतेय, पकडली जातेय, आणि मधेच चिप्स आणि पिटा खातेय. 'फ्रँक'मध्ये अशा बारकाव्यांची रास होती. इथे एका गाण्यात दोन-तीनच, पण नेमके. आणि बोट आता जास्त करून स्वतःकडे वळलेलं. पहिल्या अल्बममध्ये चुकणारे बहुतेक पुरुष होते, किंवा नाइटक्लबातल्या इतर बायका.

पुढचं सगळं जगजाहीर आहे, त्यामुळे पटकन उरकतो. 'बॅक टू ब्लॅक' २७ ऑक्टोबर २००६ रोजी आला. २००७ साली ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. १० फेब्रुवारी २००८ला पाच ग्रॅमी. व्हिसाच्या घोळामुळे ती अमेरिकेला गेलीच नाही, लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओतून उपग्रहाद्वारे गायली. केसांचा तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा डोंगर आणि डोळ्यांच्या कडांना काजळाच्या लांब शेपट्या, हे रूप याच अल्बमपासूनचं, रॉनेट्सकडून उचललेलं. आपल्याला त्याची एवढी अपूर्वाई वाटायला नको, 'अ‍ॅन इव्हिनिंग इन पॅरिस'मधली शर्मिला टागोर आठवा. पण गाण्यात जितकं काढून टाकलं तितकं अंगावर चढत गेलं, हे मला विलक्षण वाटतं. शेवटी शेवटी त्या केसांखाली ती दिसेनाशी झाली. २३ जुलै २०११ रोजी कॅम्डेन स्क्वेअरमधल्या घरी ती गेली, दारूच्या अतिसेवनानं. वय सत्तावीस.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला गेलो होतो, तेव्हा कॅम्डेनच्या स्टेबल्स मार्केटमध्ये तिचा पुतळा पाहिला. २०१४ साली बसवलाय, तिच्या वाढदिवसाला. ही जागा पूर्वी कालव्यावरच्या नावा ओढणाऱ्या घोड्यांची, तबेले आणि घोड्यांचं इस्पितळ. आता तिथे जगभरचं खाणं तळलं जातं. पुतळा चबुतऱ्यावर नाही, जमिनीवर, माणसाच्या उंचीचा, कमरेवर हात. मनगटात लोकांनी दोरे आणि रंगीत कडी अडकवलेली. आपल्याकडे दर्ग्याच्या जाळीला बांधतात तशी. पंधरा-सोळा वर्षांच्या तीन मुली तिच्याशेजारी कमरेवर हात ठेवून फोटो काढत होत्या. ती गेली तेव्हा त्या जेमतेम रांगत असतील. ब्रॉन्झचे केस एवढे मोठे की जवळून चेहरा लहान वाटला.

सगळे दुसऱ्या अल्बमची थोरवी गातात, मीही तेच करतोय, म्हणून एक उलटी नोंद करून ठेवतो. अ‍ॅडेल, जिनं पुढे आपल्या दुसऱ्या अल्बमनं खपाचे उच्चांक मोडले, तिनं सांगितलंय की आपल्या कारकिर्दीचं नव्वद टक्के श्रेय ॲमीला. पण कोणत्या अल्बममुळे? 'फ्रँक'मुळे. तो ऐकून तिनं गिटार हातात घेतली. नुकत्याच शिकू लागलेल्या पोरीला बहुधा ती सगळी पोतडी रिकामी केलेलीच हवी असते. त्यातून काय उचलता येईल ते दिसतं. 'बॅक टू ब्लॅक'मधून उचलण्यासारखं वर काही शिल्लकच ठेवलेलं नाही. ज्यांनी उचललं त्यांनी खंजिरी आणि काजळ उचललं. २००८ नंतर तशा पुष्कळ जणी आल्या आणि गेल्या.

तिसरा अल्बम झालाच नाही. त्यासाठी केलेल्या कच्च्या मुद्रणांचे तुकडे कंपनीपाशी होते. ब्रिटनमधल्या युनिव्हर्सलचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड जोसेफ यांनी २०१५ साली जाहीर केलं, की ते आपण नष्ट करून टाकलेत. कुणीतरी पुढे तिचा एखादा सूर घेऊन भोवती गाणं शिवू नये म्हणून. कंपनीच्या माणसानं असं केल्याचं मी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. इतिहासकारांना हळहळ वाटेल. पण वीस टक्के नको असलेल्या गोष्टींसाठी आपला अख्खा पहिला अल्बम घरात न ठेवणाऱ्या बाईच्या बाबतीत मला तो निर्णय पटतो.

आसिफ कपाडियाच्या 'ॲमी' या २०१५च्या माहितीपटात तिच्या अखेरच्या मुद्रणाचं चित्रण आहे. कपाडिया लंडनच्या हॅकनीत वाढलेला, मूळचा गुजराती मुसलमान घरातला. इरफान खानला 'द वॉरियर'मध्ये घेणारा तोच. ॲमीच्या वडिलांना हा चित्रपट मुळीच पटला नाही, आपल्यावर अन्याय झाला असं त्यांनी उघड सांगितलं, हेही नमूद करायला हवं. पण त्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. गाणं चालू असताना तिचे शब्द पडद्यावर उमटत राहतात, तिच्या वह्यांतल्या अक्षरांसह. एरवी तिच्या केसांकडे बघणारा प्रेक्षक तेवढा वेळ तिची ओळ वाचतो.

तर मार्च २०११, ॲबी रोड स्टुडिओ. गायक टोनी बेनेट, वय चौऱ्याऐंशी, तिच्या वडिलांचा आणि तिचाही देव. ग्रॅमीच्या रात्री याच माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकून ती थिजली होती. आता त्याच्याबरोबर 'बॉडी अँड सोल' हे १९३०चं जुनं गाणं म्हणायचं आहे. ती घाबरलेली आहे. सुरुवात करते, थांबते, मान हलवते. मला तुमचा वेळ वाया घालवायचा नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणते. पोरीनं परीक्षकासमोर उभं राहावं तशी उभी. बेनेट घाई करत नाही. तुझ्या गाण्यात डायना वॉशिंग्टन ऐकू येते, असं तो सहज म्हणतो. ती चमकून वर बघते. तुम्हाला कसं कळलं? चेहरा उजळतो. त्यानं डायनाला पाहिलेलं आहे, ओळखलेलं आहे. तो तिच्या आठवणी सांगायला लागतो, आणि दोघं थोडा वेळ गाणं विसरून त्या बाईबद्दलच बोलत राहतात. मग ती हेडफोन कानांवर सारखे करते, केसांच्या त्या डोंगराला धक्का न लावता, आणि माइकपाशी परत येते.